ऐकण्याजोगा इतिहास

'पॉडकास्ट'ला अजून चांगला मराठी शब्द रुळलेला नाही. इंग्रजी शब्दही फार जुना नव्हे, २००४ साली एका ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या लेखात तो पहिल्यांदा छापून आला. अर्थ साधा आहे. रेडिओचा कार्यक्रम, पण वेळ आपल्या सवडीची. पूर्वी श्रुतिका चुकली की चुकली. आता माझ्यासारखा निवृत्त मास्तर पहाटे साडेचारला झोप उडाली तर सिंधू संस्कृती ऐकत पडून राहू शकतो!

घरची मंडळी विचारतात, एवढं काय ऐकता दिवसभर? म्हणून आज थोडी नावं सांगतो. सगळी बीबीसी रेडिओची, आणि इंग्रजीत. तिथले लोक घरटी लायसन फी भरून ही संस्था चालवतात. आपणही एकेकाळी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरत होतो, ते पुस्तक कुणाच्या तरी ट्रंकेत अजून असेल. फीवर चालणाऱ्या रेडिओला एखाद्या मुद्रेवर पंधरा मिनिटं बोलायची चैन परवडते. (आपल्याकडे ऐकताना मधे जाहिराती येतात, त्या सोसायच्या.)

ती मुद्रा 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स' या २०१० सालच्या मालिकेतली. ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगतात. गंमत म्हणजे वस्तू दाखवायची सोयच नाही! बोलूनच ती डोळ्यांपुढे उभी करायची. खडू-फळ्यावर जन्म काढलेल्यांनी हे जरूर ऐकावं. 'इन अवर टाइम'मध्ये तीन प्राध्यापक एका विषयावर बोलतात. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत तो चालवला आणि प्राध्यापकांना भरकटू दिलं नाही. सुनील खिलनानींचं 'इन्कार्नेशन्स' (२०१५-१६) म्हणजे पन्नास भारतीय चरित्रं. त्यात शिवाजी महाराज, जोतिराव फुले, बाबासाहेब आहेत, पण मी सुचवीन मलिक अंबरचा भाग. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस दख्खनचा कर्ता पुरुष होतो, खडकी वसवतो, मुघलांना दमवतो. आपल्याच मातीतला असून आपण त्याला ओझरता ओळखतो.

पण खरं सांगायचं आहे ते 'थ्री मिलियन'बद्दल. कविता पुरी यांनी २०२४ साली केलेली ही मालिका १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर आहे. निदान तीस लाख माणसं गेली. पाऊस पडला नाही आणि माणसं मेली, असा हा दुष्काळ नव्हता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ थांबला. जपानी फौजा आल्या तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्यालगतच्या भागातला तांदूळ आणि नावा काढून घेतल्या. मग ऑक्टोबरात मिदनापूरला चक्रीवादळ झालं. त्यावर युद्धाची महागाई आणि साठेबाजी. एवढं होऊन सरकारने 'दुष्काळ' अधिकृतपणे जाहीर केलाच नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये 'स्टेट्समन'ने रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो छापले, तेव्हा कुठे बोभाटा झाला.

हे सगळं पुस्तकात वाचायला मिळतं. तिथे न मिळणारी गोष्ट म्हणजे आवाज. ज्यांनी तो काळ लहानपणी पाहिला ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि ती बोलतात. आकडा ऐकून आपण मान हलवतो. म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं की आपणही थांबतो. पुरी यांनी आधी फाळणीच्या आठवणींची 'पार्टिशन व्हॉइसेस' (२०१७) केली होती, तीही अशीच.

आणखी एक गोष्ट मनात घोळत राहते. याच बीबीसीच्या लंडनमधल्या भारतीय विभागात १९४१ ते ४३ जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता. त्याने लिहिलेली बातमीपत्रं मराठीत भाषांतर होऊन वाचली जात. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्याच्याबरोबर काम करत, त्यांचाही आवाज लंडनहून इकडे येई. पण ते युद्धाचे दिवस होते. प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या नजरेखालून जायची. बंगालमध्ये माणसं मरत असताना ज्या माईकवरून भारताला धीर दिला जात होता, त्याच संस्थेने ऐंशी वर्षांनी त्या मेलेल्यांची गोष्ट सांगितली. उशीर झाला हे खरंच, पण निदान बोलणारी काही माणसं शिल्लक असताना सांगितली. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, मिलोच्या लाल भाकरी थापणाऱ्या बायकांचे किती आवाज जपले गेलेत?

आमची धाकटी आत्या त्यांतलीच, आता पंच्याऐंशीची आहे. पुढच्या महिन्यात गावी जातो आहे. फोनवर रेकॉर्डिंग कसं करायचं ते नातवाने दोनदा दाखवलंय. तिसऱ्यांदा विचारणार आहे.