म्हाताऱ्या नटाजवळ कोण उरते?

एप्रिल 2017 मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, 97 वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. अध्यक्ष होते ऐंशी वर्षांचे जयंत सावरकर. पडद्यामागची कामे करीत ते रंगमंचावर आले आणि हयातभर बहुधा नायकाच्या शेजारीच उभे राहिले. 'एकच प्याला'तला त्यांचा तळीराम गाजला. सुधाकर नव्हे, तळीराम! अशा नटाला आमच्या जिल्ह्यात अध्यक्षपदाचा मान मिळाला, याचे आम्हांस आजही अप्रूप वाटते. 2023 साली ते गेले.

म्हातारपण आणि पश्चात्ताप हा विषय निघाला की मराठी माणूस 'नटसम्राट'चे (1970) नाव घेतो. एकांकिका मात्र आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धांसाठी राखून ठेवलेली. विशीतला मुलगा केसांना पावडर लावतो आणि खोकतो, झाला म्हातारा! युरोपात या विषयावर दोन अस्सल एकांकिका आहेत आणि त्या एकाच रात्री, पाठोपाठ पाहाव्यात अशा आहेत. बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये (1958) 69 वर्षांचा क्रॅप आपल्याच जुन्या आवाजाची टेप ऐकत बसतो. जवळ माणूस नाही, नुसते यंत्र. चेखॉव्हच्या 'हंसगीता'त (1887) 68 वर्षांचा नट मध्यरात्री रिकाम्या थिएटरात जागा होतो. एका मुलीचे त्याच्यावर प्रेम होते, पण नाटक सोड म्हणाली, म्हणून ती सुटली. हे तो सांगतो कोणाला? प्रॉम्प्टरला. त्या बिचाऱ्याला घर नाही, चोरून तिथेच झोपतो. म्हातारा लिअर बोलू लागतो तेव्हा समोरच्या विदूषकाचे बोलणे हाच पुरवतो. चेखॉव्ह तेव्हा अवघा 27 वर्षांचा!

आमचे लक्ष त्या प्रॉम्प्टरवरच खिळते, कारण मराठी रंगभूमीच्या इतिहासात अशी एक बाई होऊन गेली. गोहरबाई कर्नाटकी. बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष होते, त्यांचे कौतुक सर्वांनी केले. गोहरबाईंच्या वाट्याला ते आले नाही. 1938 च्या सुमारास त्या कंपनीत आल्या, 1951 मध्ये दोघांचे लग्न झाले. गंधर्वांच्या पडत्या काळाचे खापर पुष्कळ रसिकांनी त्यांच्याच माथी फोडले. वास्तविक कंपनी कर्जात बुडाली होती ती आधीच, आणि बोलपटांनी साऱ्याच नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले होते. बाई परधर्माची, त्यात गाणारी. दोष द्यायला सोपी!

पुढे गंधर्वांचे पाय अधू झाले. ज्या रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते ते पांगले. उठवायला, बसवायला गोहरबाई होत्या. 1964 साली त्या वारल्या. गंधर्व त्यानंतर तीन वर्षे जगले.