गुळगुळीत की खरखरीत?

आयुष्यातले काही प्रश्न माणसाला एकदाच सोडवावे लागतात, असा माझा समज होता. चहात साखर किती, आंघोळीला पाणी गरम की गार, आणि ट्रेसिंग क्लॉथच्या कुठल्या बाजूवर शाई चालवायची, हे तीन प्रश्न मी तिशीच्या आतच निकालात काढले होते. त्यातले पहिले दोन पुढे डॉक्टरांनी उकरून काढले. तिसरा परवा नातीने काढला.

नातीला चित्रं काढायला टॅब्लेट घ्यायचा होता. टॅब्लेट म्हटलं की मला गोळीच आठवते. मी रोज चार घेतो. पण ही टॅब्लेट गिळायची नसून तिच्यावर गिरवायचं असतं, एवढं मला आता कळलेलं आहे. दुकानातल्या पोराने यंत्र बाहेर काढलं, पेन जोडून दाखवलं, पैसे घेतले आणि मग विचारलं, "काका, काच अशीच ठेवायची की वर मॅट फिल्म लावू? कागदावर काढल्यासारखं वाटतं."

"आजोबा, तुम्ही सांगा," नात म्हणाली. "तुम्ही ड्राफ्ट्समन होता ना?"

आता एका पेन्शनरला त्याचं मत, तेही भर दुकानात, चार लोकांसमोर कुणी विचारावं! मी चष्मा पुसला. पण तोंडातून शब्द फुटेना. कारण त्या क्षणी मी दुकानात नव्हतोच. चाळीस-पन्नास वर्षं मागे जाऊन आमच्या ऑफिसात पोचलो होतो.

आमच्या ऑफिसात नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर उतरवले जात. तलम कापड, त्याला खळ देऊन घोटलेलं. इतकं की खालची पेन्सिलची रेघ आरपार दिसावी. या कापडाची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद, किंचित खरखरीत. आणि शाई कुठल्या बाजूवर चालवायची यावरून ऑफिसात दोन तट होते. चकचकीतवाल्यांचं म्हणणं, चूक खोडली तरी कापड तक्रार करत नाही. आम्ही खरखरीतवाले. आमचं म्हणणं, त्या बाजूवर शाई धरते आणि पेन्सिलही उठते. चकचकीत बाजूवर आधी खडूची पूड चोळावी लागे, नाहीतर शाई कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होऊन बसे. दोन्ही तटांना एकच शत्रू होता, तो म्हणजे घाम. पाण्याचा थेंब पडला की तेवढी खळ सुटलीच. मे महिन्यात माझ्या नाकावरून ओघळलेल्या एका थेंबाने एका पुलाचा अख्खा खांब नेला होता. नदीला पूर न येता.

रद्द झालेले नकाशे मी घरी आणत असे. (यात भ्रष्टाचार नव्हता, टोपलीत गेलेला माल होता.) आमची ही ते कापड गरम पाण्यात भिजवून खळ काढून टाकी आणि त्याचे असे मऊ रुमाल नि झबली शिवी की बाजारात मिळणार नाहीत. ही युक्ती आमच्याच घरची, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे वाचनात आलं की इंग्लंड-अमेरिकेतल्या ड्राफ्ट्समनांच्या बायकाही हेच करत. नवऱ्यांचे तट पडलेले असतानासुद्धा बायकांचं मात्र सगळ्या जगात एकमत होतं.

तर सांगायचा मुद्दा, ज्यावर काढायचं ती वस्तू कशी असावी, हा वाद काही नातीच्या दुकानात सुरू झालेला नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं. घर्षण भरपूर, चकाकी शून्य, आणि खोडायला नुसता तळहात. या धुळीने इंग्लंडपर्यंत मजल मारली हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री १७८९ मध्ये मद्रासजवळ एग्मोरला मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी एका मलबारी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू केली. १७९७ मध्ये लंडनला जाऊन त्यावर पुस्तक काढलं. मग काय, विलायतेतल्या गरिबांच्या शाळांतून वाळूचे ट्रे आले आणि गोरी पोरं धुळाक्षरं गिरवू लागली. आपल्या वाट्याला इंग्रजी अमदानीत दगडी पाटी आली. ती थुंकीने पुसायची रीत मात्र शंभर टक्के स्वदेशी असावी, असा माझा आपला अंदाज आहे.

कागदाचंही तेच. जुना हाताने केलेला विलायती कागद ज्या जाळीवर तयार होई, त्या जाळीच्या रेघा त्याच्या अंगावर उठत. १७५० नंतरच्या दशकात केंट परगण्यातल्या जेम्स व्हॉटमनने बारीक विणलेल्या जाळीचा कागद आणला आणि रेघा गेल्या. जॉन बास्करव्हिलने १७५७ साली छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यासाठी हा कागद वापरला. पुढे तर जलरंगवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. टर्नरसारखा चित्रकार त्यावर रंगवत असे. मग गुळगुळीत हवा की खरखरीत, हा प्रश्न आलाच. कारखानदारांनी तीन जाती केल्या. तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबलेला तो 'हॉट प्रेस्ड', काहीच न दाबलेला तो 'रफ', आणि मधल्याचं नाव 'नॉट'. 'नॉट' म्हणजे काय, तर 'हॉट प्रेस्ड नव्हे तो'! नेति नेति म्हणणारे ऋषी फक्त आपल्याकडेच झाले असं कुणी समजू नये.

विजेवर चित्र काढण्याची हौसही जुनीच. एलिशा ग्रे या अमेरिकन गृहस्थांनी १८८८ मध्ये टेलॉटोग्राफचं पेटंट घेतलं. एका गावात लिहा, तारेतून दुसऱ्या गावातली लेखणी तेच अक्षर काढील. टेलिफोनच्या वेळी १४ फेब्रुवारी १८७६ रोजी ग्रे आणि बेल या दोघांचे कागद एकाच दिवशी पेटंट कचेरीत पोचले होते आणि पेटंट गेलं बेलच्या पदरात. (हे बेल वेगळे, वाळूतले नव्हेत.) आज ग्रेचं नाव कुणाला माहीत नाही. एकाच कचेरीत एकाच दिवशी अर्ज करून मागे राहण्याचं दुःख काय असतं, हे मी प्रमोशनच्या वेळी भोगलेलं असल्याने मला या गृहस्थांबद्दल जिव्हाळा वाटतो.

१९६३ मध्ये एमआयटीतल्या आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 'स्केचपॅड' केलं. संगणकाच्या पडद्यावर थेट 'लाइट पेन'ने रेघा काढायच्या. हे पेन स्वतः काही उजेड पाडत नाही, पडद्यावरचा उजेड टिपतं. (आमच्या ऑफिसात असे बरेच होते.) पण उभ्या काचेवर हात धरून किती वेळ काढणार? दंड भरून येतो. १९६४ मध्ये रँड कॉर्पोरेशनने आडवी पाटी केली. दहा इंच लांब, दहा इंच रुंद, आत तांब्याच्या बारीक तारा, इंचाला शंभर. आता हात टेबलावर टेकला, पण चित्र उमटे समोरच्या पडद्यावर. म्हणजे हात इथे, डोळे तिथे. आमच्या वेळी असं काम करणाऱ्याला मेमो मिळत असे.

१९८३ मध्ये जपानात वॅकॉम कंपनी निघाली आणि तिने तार काढून टाकली. पेनात बॅटरीसुद्धा नाही. पाटीच पेनला शक्ती पुरवते आणि पेन कुठे आहे ते विचारून घेते. पुढे पाटी आणि पडदा एक झाले. २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवताना पेनची यथेच्छ टिंगल केली; बोटं असताना पेन कशाला, असा त्यांचा सवाल होता. पंतोजी ऐकते तर खूश झाले असते. डेव्हिड हॉकनीसारख्या थोर चित्रकाराने २००९ मध्ये आयफोनवर अंगठ्याने फुलं रंगवून दाखवलीदेखील. पण २०१५ मध्ये त्याच अॅपल कंपनीने पेन्सिल विकायला काढली. आणि २०१७ मध्ये वॅकॉमने आपल्या पाटीसाठी वरून बसवायचे पापुद्रे आणले. जाती किती? तीन. गुळगुळीत, मध्यम आणि खरखरीत. व्हॉटमनच्या कागदाला अडीचशे वर्षं उलटून गेली, आणि गाडी पुन्हा त्याच स्टेशनात.

"काका, काय करू?" पोराने विचारलं.

मी म्हटलं, "दोन्हीवर काढून बघू."

नातीने काचेवर झपाझप मांजर काढलं. "मला हेच बरं वाटतं. रंग कसे लख्ख दिसतात! फिल्म लावली की सगळं धुक्यातलं." ते खरंच होतं. खरखरीत पृष्ठभाग उजेड फोडतो. त्यामुळे खिडकीचं प्रतिबिंब जातं, पण पांढऱ्यावर बारीक रंगीत रवा चमकत राहतो. शिवाय पेनचं टोक त्यावर झिजतं, आणि त्याची किंमत पाटीवरच्या पेन्सिलीसारखी पैशात नसते. पोराने हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं.

मग तिने पेन माझ्या हातात दिलं.

गेली तीन वर्षं माझा उजवा हात कापतो. सहीसुद्धा बँकेला पटत नाही. पेन्शन माझीच आहे हे सांगायला मला स्वतःला जावं लागतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी काचेवर रेघ ओढली. ती बर्फावरून पाय घसरावा तशी गेली आणि शेवटी तिला मासोळीची शेपटी फुटली. मी पेन खाली ठेवणार होतो. तेवढ्यात पोराने फिल्म लावलेला दुसरा नमुना पुढे सरकवला. पेन टेकलं. बारीक खर्र असा आवाज आला. पृष्ठभागाने टोक धरून ठेवलं होतं. आमच्या मंद बाजूसारखं. रेघ सरळ आली असं म्हणणार नाही. पण जिथे थांबवली तिथे थांबली.

नातीने त्या रेघेकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता पोराला विचारलं, "काढता-घालता येणारी फिल्म असते का हो?"

असते. आणली. सध्या व्यवस्था अशी आहे की दिवसभर काच नातीची. संध्याकाळी पाच ते सात फिल्म चढते आणि यंत्र माझ्याकडे येतं. मी एक पूल काढतो आहे. खांब चार झाले. आमची ही अधूनमधून काच पुसायला एक जुना, मऊ रुमाल आणून देते आणि बजावते, "अहो, नाकावरचा घाम आधी पुसा."