इंजिनांतील दंव

मोटारीच्या इंजिनांत तेल असतें, तसेंच तें थंड राखणारें पाणीहि असतें. आणि या दोहोंची गांठ पडूं नये अशीच त्याची रचना असते. तरीहि हिवाळ्यांत तेल ओतण्याच्या तोंडाचें झांकण उघडलें असतां त्याच्या आंतल्या बाजूस पुष्कळदां पांढरट, सायीसारखा थर आढळतो. हें पाणी येतें कोठून, आणि त्यावरील उपाय कोठून आला, याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

पेट्रोल जळतांना त्यांतील हायड्रोजनचा हवेंतील ऑक्सिजनशीं संयोग होऊन पाणी बनतें. एक लिटर पेट्रोलापासून जवळजवळ एक लिटर! त्याची बहुतेक वाफ धुराबरोबर निघून जाते. थोडी मात्र दट्ट्यांवरील कड्यांच्या फटींतून खालीं तेलाच्या कोठडींत उतरते. इंजिन पुरतें तापलें, तर तीहि उडून जाते. पण थंडींत मैल-दोन मैलांची फेरी करून गाडी पुन्हां उभी राहिली, कीं कोठडीच्या गार भिंतींवर दंव धरतें आणि तेलांत घुसळलें जाऊन त्याचा चिखल होतो. तो तेलाच्या वाटा बुजवितो. त्यांतील आम्लें धातूला खातात. गाडी जपून, थोडीथोडीच वापरणाऱ्या मालकाचेंच इंजिन अशा रीतीनें आधीं झिजे.

जुन्या मोटारींत या वाफांसाठीं कोठडीला एक उघडी नळी जोडून ती गाडीखालीं सोडलेली असे. गाडी वेगांत असली म्हणजे वाऱ्याच्या ओढीनें वाफा बाहेर पडत. शहरांतल्या संथ चालींत ही ओढ लागतच नसे. जेथें गरज अधिक, तेथेंच ती नळी निरुपयोगी ठरे. या वाफा इंजिनानेंच ओढून घेऊन जाळाव्या, अशी झडप दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपला होती. परंतु घरगुती मोटारींना ती सर्रास लाभली नाहीं.

ती लाभली लॉस एंजेलिसमुळें. या उबदार शहराचें दुःख थंडीचें नव्हतें. डोळे चुरचुरविणाऱ्या विषारी धुक्याचें होतें. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं दाखवून दिलें कीं, मोटारी व तेलशुद्धीचे कारखाने यांतून सुटणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें धुकें बनतें. त्या वायूंत कोठडीच्या उघड्या नळीचाहि वांटा होता. म्हणून १९६१ च्या नमुन्यांपासून कॅलिफोर्नियांत, आणि १९६३ पासून अमेरिकाभर, नव्या मोटारींना झडप बसूं लागली. शहराची हवा शुद्ध करण्यासाठीं योजलेल्या या युक्तीनें संथ चालणाऱ्या गाडींतलीहि वाफ ओढली जाऊं लागली. थंड मुलुखाचें दुखणें उन्हाच्या गांवानें हलकें केलें!

मात्र झडप तेल तापवीत नाहीं. आजहि लहान फेऱ्यांच्या गाडीचें झांकण थंडींत आंतून पांढरें होतें; तेल पुरतें तापेपर्यंत तिला अधूनमधून दूर नेणें, हाच त्यावर उतारा. तसें करूनहि थर जाईना, आणि रेडिएटरांतलें पाणी घटूं लागलें, तर मात्र दंवाला निर्दोष समजावें व गळती शोधावी.