कोळशाला चिकटलेले विकर : १९१६ च्या प्रयोगापासून नॅनोकणांपर्यंत

#थ्रेड

१/ १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जे. एम. नेल्सन आणि एडवर्ड ग्रिफिन हे रसायनशास्त्रज्ञ साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, प्रयोग करीत होते. द्रावणातील विकर कोळशाने शोषून घेतले. मात्र कोळशाला चिकटल्यावरही त्याचे काम थांबले नाही.

२/ विकर एरवी पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत काम करते. काम झाल्यावर ते तयार मालातून वेगळे काढणे कठीण असते, त्यामुळे दर खेपेला महागडे विकर वाया जाते. घन पदार्थावर जखडलेले विकर मात्र गाळून पुन्हा वापरता येते. यालाच विकरांचे स्थिरीकरण म्हणतात. तरीही ही कल्पना कारखान्यात पोहोचायला अर्धशतक लागले.

३/ एक मोठी अडचण ज्ञानाचीच होती. विकर म्हणजे नेमके काय, यावरच वाद होता. नोबेलविजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर विकरांना प्रथिने मानायला तयार नव्हते. १९२६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स समनर यांनी जॅक बीन या कडधान्यातून युरिएज स्फटिकरूपात मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. किशोरवयातच एक हात गमावलेल्या या संशोधकाला नोबेल मिळाले ते १९४६ साली.

४/ विकर हे प्रथिन आहे, हे मान्य झाल्यावर त्याला रासायनिक बंधाने आधाराशी बांधण्याचा मार्ग स्पष्ट झाला. १९५३ मध्ये ग्रुबहोफर आणि श्लाइथ यांनी कृत्रिम रेझिनवर विकरे अशी बांधून दाखवली. पुढे इस्राएलच्या वाइझमन संस्थेत एफ्राइम काचाल्स्की यांच्या गटाने या शाखेचा पाया घातला.

५/ कारखान्यातील पहिला मान जपानकडे जातो. १९६९ मध्ये तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता व सहकाऱ्यांनी स्थिर केलेले अमिनोअॅसिलेज नळकांड्यात भरले. एका टोकाने मिश्रण सोडायचे, दुसऱ्या टोकाने अमिनो आम्ल मिळवायचे. विकर जागच्या जागी.

६/ १९७२ च्या मे महिन्यात लोद विमानतळावरील हल्ल्यात काचाल्स्की यांचे बंधू, शास्त्रज्ञ आहारोन मारले गेले. १९७३ मध्ये एफ्राइम इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाले व त्यांनी 'कात्झिर' हे आडनाव धारण केले. १९७८ मध्ये पद सोडून ते संशोधनाकडे परतले. १९८५ साली पहिल्याच जपान पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते, आणि तोही स्थिर विकरांवरील कार्यासाठीच.

७/ औषधनिर्मितीत याचा परिणाम मोठा झाला. नवी पेनिसिलिने बनवण्यासाठी मूळ रेणूचा एक भाग कापावा लागतो. रासायनिक पद्धतीत त्यासाठी उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी व घातक रसायने लागत. स्थिर केलेले पेनिसिलिन अॅसिलेज तेच काम पाण्यात, साध्या तापमानाला करते.

८/ मग नॅनोकण कशासाठी? हिशेब भूमितीचा आहे. १ मिलिमीटरच्या गोलाचे १०० नॅनोमीटरचे गोल केले, तर तेवढ्याच पदार्थाचा पृष्ठभाग १०,००० पट होतो. बसायला जागा वाढते. शिवाय विकर बाहेरच्या पृष्ठभागावर असल्याने अभिक्रियेच्या द्रव्याला सच्छिद्र दाण्याच्या आत झिरपत जावे लागत नाही.

९/ पण इतके बारीक कण गाळायचे कसे? त्याचे उत्तर जुन्याच कल्पनेत सापडले. १९७३ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी चुंबकीय लोह ऑक्साइडवर विकरे बांधली होती. चुंबक जवळ आणला की विकरासह कण एका बाजूला गोळा होतात.

१०/ या इतिहासात पुणेही आहे. २००१ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी सोन्याच्या नॅनोकणांवर पेप्सिन बसवून त्याची क्रियाशीलता तपासली.

११/ तरीही नॅनोकणावर बसवलेले प्रत्येक विकर सुधारतेच, असे नाही. पृष्ठभाग प्रतिकूल असला तर प्रथिनाची घडी मोडते. क्रियास्थळ कणाच्या बाजूला दबले तर विकर असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून प्रत्येक नव्या कणाबाबत प्रयोगशाळेला आजही तेच तपासावे लागते, जे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी कोळशाबाबत तपासले होते : चिकटल्यावर विकर काम करते का?

(समाप्त)