‘स्ट्राइक’ या क्रियापदाची गोष्ट

माझे इंग्रजी शाळेत नव्हे, कारखान्याच्या फाटकावर झाले. विशीत असताना माझ्या एका सोबत्याच्या हाती व्यवस्थापनाचे पत्र पडले. हजेरीपटावरून त्याचे नाव ‘स्ट्राइक ऑफ’ केले आहे, असा मजकूर! आम्ही दोघेही चक्रावलो. स्ट्राइक म्हणजे संप एवढेच आम्हांस ठाऊक, आणि संप तर झालाच नव्हता. त्या रात्री उसना कोश उघडला, तो या एका क्रियापदाने रकानेच्या रकाने व्यापलेले. घड्याळाने ठोके दिले तर स्ट्राइक, आगकाडी ओढली तरी स्ट्राइक. नाणे पाडणे, सौदा पटवणे, जमिनीत तेल लागणे, मनात एखादी कल्पना चमकणे आणि गरिबाच्या नावावर काट मारणे, या सर्वांस शब्द एकच.

मुळात हा शब्द मारकुटा नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ हलकेच हात फिरवणे, सरकत जाणे असा होता. गोंजारण्याला इंग्रज ‘स्ट्रोक’ म्हणतो, तो याचाच भाऊबंद. ठोसा त्यात पुढे, १४ व्या शतकाच्या सुमारास शिरला.

संपाचा अर्थ मात्र त्याला पाण्यावर मिळाला. जहाजाचे शीड किंवा निशाण खाली उतरवणे यालाही खलाशी स्ट्राइक म्हणत. बलाढ्य जहाजापुढे असे करणे म्हणजे मान तुकवणे, शरण जाणे. १७६८ साली, धान्य महागलेले असताना, लंडनला थेम्स नदीवर मजुरीवाढ मागणाऱ्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शिडावाचून जहाज म्हणजे पाण्यात बांधलेला लाकडी वाडा. ते हलणार कसे? खूण शरणागतीची खरी, पण शरण कोणीच गेले नव्हते. काम बंद पाडण्याला हा शब्द तेव्हापासून चिकटला. पुढे १८८८ साली लंडनच्याच बो भागात ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्यातील सुमारे १४०० बायामुली काम टाकून बाहेर पडल्या. काडी ओढणे आणि काम थांबवणे, हे दोन्ही स्ट्राइक त्या दिवशी एकाच फाटकात भेटले म्हणायचे!

सरकारला धाक होता तो मात्र निराळ्याच शब्दाचा. १७९९ व १८०० च्या विलायती कायद्यांनी गुन्हा ठरवला तो ‘कॉम्बिनेशन’, म्हणजे मजुरीसाठी कामगारांनी नुसते एकत्र येणे. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. आता आपला ‘संप’ पाहा. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्द शीड उतरते त्या घटकेचा. आपला त्याच्या आदल्या रात्रीचा, माणसे एकमेकांना विचारीत फिरतात तेव्हाचा. मला तो अधिक खरा वाटतो. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. कामगार संघटनांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे आला तो १९२६ साली. म्हणजे हा एकोपा कोणत्याही नोंदवहीत नव्हता, चाळींतच होता.

माझ्या सोबत्याचे नाव पुढे पटावर परत चढले. त्यासाठी एक दिवसही काम बंद ठेवावे लागले नाही. एका सकाळी सुटणारी पाळी घरी गेली नाही आणि येणारी आत शिरली नाही. दोन्ही अर्धा तास फाटकात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, एवढेच. भोंगा झाला तशी जो तो आपल्या वाटेने गेला.