लेकीची पुंजी कुठे ठेवावी?

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही चिटणीसबाईंच्या आग्रहाखातर लिहावयास बसले आहे; कारण गेले चार महिने आमच्या घरी घोळत असलेला प्रश्न आपणा सर्वांच्याच घरचा आहे.

आमची धाकटी यंदा अकरावीला आहे. ओवाळणीचे, बक्षिसाचे आणि दोन उन्हाळे पापड-कुरडया विकून मिळविलेले असे तिचे स्वतःचे ३८,००० रुपये जमले. बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशाला ते लागणार. जाऊबाई म्हणाल्या, भिशीत लावा. भावोजी म्हणाले, पतसंस्थेत ठेवा, व्याज जास्त मिळेल. मला मात्र धीर होईना. माझ्या वडिलांनी भुईमुगाचे आलेले पैसे दामदुप्पट देणाऱ्या एका मंडळीकडे ठेवले होते. एके दिवशी त्यांच्या दाराला कुलूप लागले आणि त्याच वर्षी माझी शाळा सुटली. म्हणून या वेळी व्याज किती हे न विचारता, पैसे बुडाले तर भरून कोण देणार, हे आधी विचारावयाचे ठरविले. मुलीने जुनी माहिती शोधून मला वाचून दाखविली.

आपल्या आज्यांची बँक म्हणजे उतरंडीतले गाडगे आणि हातातल्या पाटल्या. ती बँक बुडत नसे, पण चोराला सापडे आणि अडचणीच्या वेळी घरच्या पुरुषांनाही सापडे. सरकारी बचत बँकेचा कायदा १८७३ साली झाला आणि १ एप्रिल १८८२ पासून पोस्टात बचत बँक सुरू झाली. त्या कायद्यात दोन गोष्टी होत्या, त्या ऐकून मला नवल वाटले. अज्ञान मुलाने स्वतः पैसे भरले असतील, तर ते त्याच्याच हाती देता येत. विवाहित बाईच्या नावची ठेवही तिलाच देता येई आणि तिची पावती पुरेशी मानली जाई. बाईला घरात दोन पैशांचा हिशेब विचारण्याची सोय नव्हती, त्या काळची ही गोष्ट!

बँकांचे तसे नव्हते. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. कित्येकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यातून सरकारला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. प्रथम तो १,५०० रुपयांचाच होता. वाढत वाढत १९९३ साली एक लाख झाला आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. एका बँकेत एका माणसाचे मुद्दल व व्याज मिळून एवढे संरक्षण असते. त्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पतसंस्थेला मात्र नाही. दोन्ही पाट्यांवर ‘सहकारी’ हाच शब्द असतो, म्हणून आपली फसगत होते. पोस्टातील सगळ्या रकमेची हमी केंद्र सरकारची असते.

हे ऐकून भावोजीही गप्प झाले. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही. आपली भिशीही मला प्रिय आहे, तिच्यातूनच माझे शिवणयंत्र आले. पण भिशी चालते ती एकमेकींच्या शब्दावर. एखादीच्या घरी आजारपण आले, तर तिला तगादा लावणे आपल्याला जमेल का? मग मुलीचा प्रवेश तरी कशाच्या भरवशावर घ्यावयाचा?

शेवटी आम्ही दोन वाटे केले. ८,००० रुपये पोस्टाच्या बचत खात्यात, हवे तेव्हा काढता येतील असे. ३०,००० रुपये बँकेत मुदतीने. मुदत प्रवेशाच्या आधी, मे महिन्यात संपेल अशी. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मोकळीक रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना दिली. पोस्टातही ती सोय आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की नव्याने सही व कागदपत्रे द्यावी लागतात, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर ऐन प्रवेशाच्या वेळी खोळंबा व्हायचा.

पासबुकावर लेकीचे नाव आहे आणि सहीही तिचीच. व्याज थोडे कमी मिळेल, त्याची मला खंत नाही.

मंडळाच्या वर्धापनदिनी एक सुचवावेसे वाटते. येत्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी न देता पोस्टाच्या खात्याचा कोरा फॉर्म द्यावा. ज्यांच्या घरी शिकणारी मूल आहे, त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी भरावा.