कॅमेऱ्याला पाणी लागू नये म्हणून

वरणगावात समुद्राशी कुणाचं फारसं देणंघेणं नाही. आमचं पाणी म्हणजे तापी, आणि तापी म्हणजे हतनूर धरण. पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, एवढीच काय ती आमची जलविद्या. त्यामुळे मालवणला स्कूबा शिकून आलेल्या भाचीने 'मामा, पाण्याखाली शूटिंगसाठी कॅमेरा सुचवा' म्हटलं, तेव्हा मला सगळ्यात आधी प्रश्न पडला की माणसाला ही बुद्धी मुळात सुचली कधी. इतिहास शिकवणाऱ्याची ही खोड असते. वस्तू घ्यायच्या आधी तिची वंशावळ बघायची.

ती वंशावळ गळतीपासूनच सुरू होते. १८५६ साली विल्यम थॉम्प्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने वेमथच्या खाडीत लाकडी पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने खाली सोडला. खोली जेमतेम अठरा फूट. पेटीत पाणी शिरलं, तरीही काचेवर धूसर का होईना, चित्र उमटलं. तो स्वतः होडीतच बसून होता. कॅमेऱ्यासोबत स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रं घेणारा लुई बुताँ हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ. १८९३ साली भूमध्य समुद्रकाठच्या बान्यूल्समध्ये, अवजड शिरस्त्राणाचा पोशाख घालून तो तळावर उभा राहायचा, आणि एकेका छायाचित्राला कधी कधी अर्धा तास लागायचा. त्याच्या भावाने पेटी बनवली होती आणि तिला हवा भरलेला रबरी फुगा जोडला होता. खाली गेलं की बाहेरचा दाब फुगा दाबतो, फुग्यातली हवा पेटीत जाते, आतबाहेर दाब सारखा होतो आणि पाण्याला आत घुसायचं कारण उरत नाही. किती साधी युक्ती!

पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. बुताँने या दाबाची समजूत काढली. पुढच्यांनी त्यालाच कामाला लावलं. झाँ द वूतेर या बेल्जियन अभियंत्याने कूस्तोसाठी जो कॅलिप्सो कॅमेरा बनवला, त्यात रबरी कड्या अशा बसवल्या की दाब वाढला की त्या आणखी घट्ट बसाव्यात. तोच कॅमेरा १९६३ साली निकॉनने 'निकोनॉस' म्हणून आणला आणि पुढे जवळजवळ चार दशकं पाणबुड्यांच्या हाती तोच दिसत राहिला.

इथे आमचे आप्पा मध्ये पडले. त्यांची सगळी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, काडतुसांच्या तपासणीवर गेली. पितळी नळीचं तोंड आणि मागची टोपी लाखेने बंद करतात ते दमट हवेपासून दारू वाचावी म्हणून, हे त्यांना हाताच्या सवयीने माहीत. भाचीने कॅमेऱ्याचं दार उघडून दाखवलं तर त्यांनी चित्राबद्दल एक शब्द विचारला नाही. रबरी कडीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हिच्यावर केस पडला तर?" माझ्या मते पाण्याखालच्या कॅमेऱ्याबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न नाही. केस, वाळूचा कण, मिठाचा खडा, यातलं काहीही कडीखाली आलं की यंत्र संपलं.

आजचे अ‍ॅक्शन कॅमेरे याच घराण्यातले. निक वुडमनला कल्पना सुचली ती लाटांवर स्वार होताना स्वतःचे फोटो कसे काढावेत या अडचणीतून, आणि २००४ साली त्याने विकलेला पहिला गोप्रो चक्क ३५ मिमी फिल्मचा होता. म्हणजे ही जात लाटेवरची, तळावरची नव्हे. सुरुवातीच्या एचडी गोप्रोच्या पेटीची काच फुगीर होती. हवेत चित्र लख्ख, पाण्यात धूसर. सपाट काच आल्यावर ते सुधारलं. २०१६ च्या हीरो ५ पासून पेटीविना दहा मीटर चालतं, डीजेआयचा अ‍ॅक्शन ५ प्रो वीस मीटर म्हणतो. मालवणला हौशी पर्यटकाला फार खोल नेत नाहीतच, तेव्हा कागदावर पेटी नको. मी तरी साठ मीटरवाली पेटी घ्यायला लावली. आकडा स्थिर पाण्यातला असतो, उडी मारताना बसणारा फटका त्यात धरलेला नसतो. शिवाय एक दार गळलं तर दुसरं हवं.

रंगाचं म्हणाल तर पाणी लाल रंग पहिल्या पाच मीटरांतच गिळायला लागतं. १९२६ साली लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रं घेतली, तेव्हा तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवावा लागला होता. आता पन्नास ग्रॅमची लाल काच पुरते. पण निळ्या पाण्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी हिरवट, त्याला जांभळट-गुलाबी काच लागते. चार के की पाच के, यावर विक्रेते तासभर बोलतील. गढूळ पाण्यात त्या ठिपक्यांत गाळच मोजायचा असतो.

गाळ म्हटल्यावर आप्पा पुन्हा बोलले. त्यांचं गाव हतनूरच्या फुगवट्यात गेलं. घरं उठली, देव उचलून नेले, विहीर तिथेच राहिली. त्या गावाचा एकही फोटो आमच्या घरात नाही, कारण तेव्हा कॅमेरा लग्नातच यायचा. "हा हतनूरात उतरेल का?" त्यांनी विचारलं.

उतरेल. दिसणार काही नाही. पूर्णा विदर्भातली काळी माती आणून ओतते, आणि तो गाळ वर्षानुवर्षं धरणात बसतोय. तिथे दिवा लावला तर प्रकाश कणांवर आपटून परत येतो, धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावल्यासारखा. अशा पाण्यात माणसं ध्वनीने बघतात. सोनारचा पडदा भिंतीचा उंचवटा दाखवतो, पण तळावर उभ्या असलेल्या भिंतीचाच. गाळाखाली दबलेली आडवी विहीर नाही.

म्हणून आप्पांसाठी मी कॅमेऱ्याचा नाद सोडला आणि भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावठाणाच्या नकाशाची नक्कल काढून आणली. सर्व्हे नंबर, पांदण, नाला, सगळं रेघांत आहे. विहीर गावाच्या पश्चिमेला दाखवली आहे. आप्पा म्हणतात, पूर्वेला होती. दोन दिवस तेच चाललंय.